अनुदान आणि कर्तव्य

मनुष्य स्वतःचे कर्तव्य दुसऱ्याच्या द्रव्याने पार पाडू लागला, तर त्या कर्माचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न धर्मशास्त्राला नवा नाही. परद्रव्याने केलेल्या यज्ञाचे फळ यजमानाला की द्रव्य देणाऱ्याला, याचा विचार प्राचीनांनी केला आहे. आज तोच प्रश्न निराळे रूप घेऊन गृहस्थाच्या दारी उभा आहे. घराच्या छपरावर सौर पटले बसवा, शासन पैसे देईल. कारखान्यातील जुनी मोटर काढून कमी वीज घेणारी बसवा, शासन खर्चाचा वाटा उचलील. शेतात तळे खणा, ठिबक बसवा, त्यालाही शासनाचे साहाय्य आहे. वस्तुतः पाणी आणि वीज व्यर्थ न दवडणे हा प्रत्येकाचा साधा धर्म होय. तो पाळण्यासाठी राज्याकडून द्रव्य घ्यावे काय? आणि घ्यावयाचे झाल्यास, ते काय समजून घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर मनाशी स्पष्ट नसेल, तर साहाय्य देणाराही फसतो आणि घेणाराही.

प्रथम शब्दाचा विचार करू. शास्त्रकारांनी दानाचे लक्षण असे सांगितले आहे की, एखाद्या वस्तूवरील स्वतःचे स्वामित्व सोडून तिच्यावर दुसऱ्याचे स्वामित्व उत्पन्न करणे म्हणजे दान. अर्थात् जी वस्तू आपली नाही, तिचे दान संभवत नाही. आता राज्याच्या भांडारातील द्रव्य कोणाचे? ते मंत्र्याचे नव्हे, अधिकाऱ्याचेही नव्हे. ते करदात्या प्रजेचे आहे, आणि त्या प्रजेत काड्यापेटी विकत घेताना कर भरणारी मोलकरीणही आली. कालिदासाने रघुवंशात राजाच्या करग्रहणाला सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य पृथ्वीवरील रस शोषतो तो पुढे पर्जन्यरूपाने अनेक पटींनी परत देण्यासाठी. मेघ पाऊस पाडतो तेव्हा तो स्वतःच्या घरचे काही देत नाही, घेतलेले परत करतो. शासनाचे साहाय्य हे या अर्थाने दान नसून परतफेड आहे, आणि ज्याच्या हाती ते येते तो दानाचा प्रतिग्रहीता नसून न्यासाचा धारक आहे. ठेव म्हणून आलेली वस्तू जपून वापरावी लागते आणि तिचा हिशेब द्यावा लागतो, हे सामान्य माणसालाही ठाऊक असते.

‘अनुदान’ हा शब्द याहून अधिक सांगतो. ‘अनु’ म्हणजे मागून. अनुज म्हणजे मागून जन्मलेला, अनुचर म्हणजे मागून चालणारा. तद्वत् अनुदान म्हणजे मागून येणारे देणे. मग जे मागून येते त्याच्या पुढे काहीतरी असले पाहिजे. ते पुढचे देणे कोणाचे? ज्याचे कर्तव्य, त्याचे. त्याने प्रथम स्वतःचा हात हलवावा, स्वतःची गाठ सोडावी. मग राज्याने त्याच्या पाठीशी यावे. हा क्रम उलटला, म्हणजे पैसा आधी आणि कर्तव्य मागाहून असे झाले, की शब्दाचाही विपर्यास होतो आणि कर्माचाही.

या विचाराला प्रत्यक्षाचा आधार पाहावयाचा असेल, तर चेन्नईच्या पश्चिमेकडील अंबत्तूर हे गाव पाहावे. ‘गाव’ हा शब्द आता केवळ सवयीचा. २०११ साली अंबत्तूर चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. १९६०च्या दशकात तेथे उभी राहिलेली औद्योगिक वसाहत लघुउद्योगांच्या फार मोठ्या वसाहतींत गणली जाते. लेथ, प्रेस, भट्ट्या, हवा दाबणारे काँप्रेसर यांचा तेथे अहोरात्र घोष चालतो. याच परिसरात अंबत्तूरचा तलाव आहे, कोरट्टूरचा तलाव आहे, आणि शेजारीच शहराची तहान भागविणारा पुळल येथील मोठा जलाशय आहे. म्हणजे यंत्र आणि पाणी येथे एकाच अंगणात नांदतात. ती दोन्ही सुखाने नांदतात असे मात्र नाही. कोरट्टूरच्या तलावात वस्तीचे व वसाहतीचे सांडपाणी मिसळते, ही रहिवाशांची तक्रार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेली.

या भूमीवर पाऊस कमी पडतो असेही नाही. चेन्नईत वर्षाला सरासरी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बराचसा आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंतच्या काळात कोसळतो. २०१५च्या डिसेंबरात हे महानगर पुराखाली बुडाले. पुढे चार वर्षे उलटली नाहीत तोच, २०१९च्या जूनमध्ये, पुळलसह त्याचे चारही मुख्य जलाशय जवळजवळ कोरडे पडले. १२ जुलै २०१९ रोजी जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली आगगाडी विल्लिवाक्कम् स्थानकावर आली. तिच्या ५० टाक्यांत २५ लाख लिटर पाणी होते. विल्लिवाक्कम् हे अंबत्तूरच्या पुढे त्याच लोहमार्गावर आहे. म्हणजे जी आगगाडी तहानलेल्या शहराला पाणी घेऊन गेली, ती अंबत्तूरच्या तलावाजवळूनच गेली. महाराष्ट्रातील वाचकाला हे दृश्य परके वाटणार नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला अशीच पाण्याची गाडी धावली होती.

मराठी गृहस्थाचा या शहराशी आणखी एक संबंध आहे, आणि तो पाण्याचाच आहे. चेन्नईला कृष्णेचे पाणी द्यावे म्हणून १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी पाच अब्ज घनफूट पाणी सोडण्याचे मान्य केले. तेलुगू-गंगा प्रकल्पाच्या कालव्यातून ते पाणी १९९६ साली प्रथम चेन्नईच्या बाजूस पोहोचले. महाबळेश्वरी उगम पावलेल्या नदीचा वाटा शेकडो कोसांवरच्या लोकांसाठी राखून ठेवला गेला, ही गोष्ट लहान नव्हे. कालव्याचे काठ खचून पाणी वाटेतच मुरू लागले, तेव्हा २००२ ते २००४ या काळात श्री सत्य साई सेंट्रल ट्रस्टने त्याची दुरुस्ती आपल्या खर्चाने करवून घेतली. हे खरे दान; स्वतःचे सोडून दुसऱ्याला दिलेले. परंतु दानाने आलेले असो, कराराने आलेले असो वा मेघाने आणलेले असो, पाणी घराच्या नळापर्यंत आल्यावर त्याचे काय करावयाचे, हे अखेर घरातील माणसाच्याच हाती उरते.

आता अनुदानाकडे वळू. तमिळनाडूच्या लघुउद्योग विभागाची ‘पीस’ या नावाने ओळखली जाणारी एक योजना आहे. तीत उद्योजकाने प्रथम आपल्या कारखान्याचे ऊर्जापरीक्षण करून घ्यावयाचे असते. वीज कोठे गळते, कोणती मोटर गरजेपेक्षा मोठी आहे, हे तज्ज्ञाकडून तपासून घ्यावयाचे असते. परीक्षणाच्या खर्चाचा, आणि त्यातील शिफारशीप्रमाणे बदललेल्या यंत्राच्या किमतीचा, ठरलेला अंश शासन मागाहून परत देते. केंद्र शासनाने २०२४ साली सुरू केलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचाही क्रम असाच आहे. छपरावर सौर पटले बसवून ती चालू झाली म्हणजे दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये, आणि तीन किलोवॉट वा अधिक असल्यास एकूण ७८,००० रुपये, घरमालकाच्या खात्यात जमा होतात. या योजना नकळत ‘अनु’ या उपसर्गाचाच अर्थ पाळतात. कर्म आधी, साहाय्य मागून.

येथे कोणी अशी शंका घेईल की, वीज वाचली तर देयक कमी होते. म्हणजे लाभ त्या उद्योजकाचाच. मग त्याच्या लाभासाठी इतरांच्या करातून द्रव्य का द्यावे? निःस्पृह मनुष्याने ते नाकारणेच योग्य नव्हे काय?

या शंकेचे समाधान असे. काही कर्मांचे फळ कर्त्याच्या उंबरठ्यात थांबत नाही. एका घराने छपरावरचे पाणी जमिनीत मुरविले, तर शेजाऱ्याच्या विहिरीलाही पाझर फुटतो. एका कारखान्याने वीज वाचविली, तर औष्णिक केंद्रात तितका कोळसा कमी जळतो, आणि तो धूर ज्यांच्या छातीत जाणार होता ते त्या कारखानदाराचे कोणी आप्त नसतात. पाणी आणि वीज ही तर एकमेकांत गुंतलेलीच आहेत. समुद्राचे पाणी गोड करण्यासाठी चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० साली आणि नेम्मेली येथे २०१३ साली प्रत्येकी रोज १० कोटी लिटर क्षमतेचे कारखाने सुरू झाले. अशा रीतीने १००० लिटर पाणी गोड करण्यास सुमारे तीन ते चार युनिट वीज लागते. सूर्य जे काम काही न मागता करतो, तेच काम यंत्राने करवून घेण्याचे हे मोल आहे. म्हणून सांडलेल्या घागरीबरोबर वीजही सांडते. जेथे फळ सर्वांचे, तेथे भारही काही अंशी सर्वांनी वाहणे न्याय्य आहे. शिवाय अंबत्तूरच्या वसाहतीत पाच-दहा कामगारांवर चालणारा छोटा कारखानदारही आहे. नवे यंत्र आपल्या हिताचे आहे हे कळूनही त्याच्यापाशी आज रोख रक्कम नसते. त्याने साहाय्य घेणे यात लांच्छन नाही. लांच्छन आहे ते सधनाने निर्धनाचा वाटा उचलण्यात.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना देश, काल आणि पात्र यांचा विवेक सांगितला आहे. अनुदान हे शुद्ध दान नसले, तरी तो विवेक त्यालाही लागू पडतो. जेथे भूजल आटले आहे तो देश. पावसाळ्यापूर्वीचा तो काल. आणि ज्याच्या हातून काम पुढे टिकेल तो पात्र. या तिन्हींकडे न पाहता वाटलेले द्रव्य कितीही मोठे असले तरी ते वाळूत ओतलेल्या पाण्यासारखे होय.

दुसरी शंका याच्या उलट बाजूने येते. ती अशी की, लोक दुबळे आहेत, म्हणून शासनाने सर्व खर्च स्वतः करावा किंवा कायद्याने सक्ती करावी. कर्तव्यभावना वगैरे गोष्टींची प्रतीक्षा कशाला?

हिचे उत्तर अनुभवानेच दिलेले आहे. २००३ साली तमिळनाडू शासनाने नव्या-जुन्या सर्व इमारतींना पर्जन्यजल-संचयाची व्यवस्था सक्तीची केली. तो निर्णय दूरदृष्टीचा होता आणि त्यानंतर चेन्नईतील भूजलाची पातळी वर आल्याचेही दिसले. परंतु पुष्कळ घरी ती व्यवस्था केवळ तपासणीपुरती झाली. खड्डे गाळाने भरले, नळ्या तुटल्या, कोणी पुन्हा पाहिले नाही. कायद्याने खड्डा खणवून घेता येतो, पण दर वर्षी पावसापूर्वी तो साफ करणारा हात कायद्याला निर्माण करता येत नाही. शेतीपंपांना वीज फुकट देण्याच्या धोरणाने काय झाले, तेही सर्वत्र दिसत आहे. जिचे मोल द्यावे लागत नाही ती वीज, आणि तिच्याबरोबर भूगर्भातील पाणी, दोन्ही अविचाराने उपसली जातात. महाराष्ट्रात शेततळ्यांना अनुदान मिळाले. पावसाचे वाहते पाणी अडवून धरण्यासाठी ती तळी होती. पण अनेक ठिकाणी त्यांत प्लास्टिकचे अस्तर घालून विहिरीचे व कूपनलिकेचे पाणीच उपसून साठविण्यात आले. भूमीच्या पोटातील पाणी उन्हात आणून ठेवावयाचे, आणि त्याला संचय म्हणावयाचे! साधन उत्तम होते, द्रव्य मिळाले होते, फक्त हेतू मध्येच बदलला.

याहून सूक्ष्म असा एक धोका आहे. १८६५ साली विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, वाफेची यंत्रे थोड्या कोळशात अधिक काम करू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला. ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर ऊस लावतो, कमी विजेचा दिवा आला म्हणून घरात दहा दिवे जळतात, ही त्याचीच रूपे. यंत्र कार्यक्षमता देते. संयम देत नाही. संयम हा मनुष्याचा गुण आहे आणि त्याला कोणतेही शासन अनुदान देऊ शकत नाही. यंत्राने वाचविलेले वासनेने खर्चून टाकले, तर राज्याचे द्रव्यही गेले आणि पाणीही गेले.

मग योग्य मार्ग कोणता? तो तमिळ देशाच्याच जुन्या व्यवहारात सापडतो. चेन्नईहून फार दूर नसलेल्या उत्तिरमेरूर येथील दहाव्या शतकातील चोळकालीन शिलालेखांत ग्रामसभेच्या समित्यांचे नियम कोरलेले आहेत. त्यांत तलावाची देखरेख करणारी स्वतंत्र समिती आहे. पूर्वी एखाद्या समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही, तो आणि त्याचे निकटचे नातलग पुन्हा निवडीस अपात्र, असा कठोर नियमही आहे. तलाव आणि हिशेब यांची सांगड त्या लोकांनी हजार वर्षांपूर्वी घातली होती. पुढे गावकऱ्यांनी आपल्या श्रमाने तलावाचा गाळ काढण्याच्या व बांध दुरुस्त करण्याच्या प्रथेला ‘कुडिमरामत्तु’ हे नाव पडले. ‘कुडि’ म्हणजे रयत, आणि ‘मरामत्तु’ हा मराठीतील ‘मरामत’ या शब्दाचाच भाऊ. २०१७ साली तमिळनाडू शासनाने ही प्रथा पुन्हा सुरू केली, तेव्हा खर्चाचे नऊ हिस्से शासनाचे आणि एक हिस्सा लाभधारक शेतकऱ्यांचा, मग तो पैशाने असो वा श्रमाने, असे ठरले. तो दहावा हिस्सा आकाराने लहान, पण योजनेचा प्राण त्यात आहे. ज्याने त्या बांधावर चार टोपल्या माती टाकली, त्याला तो बांध फुटलेला बघवत नाही.

महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने हीच गोष्ट सिद्ध केली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले त्यानंतर गावाने शासनाच्या योजनांचे द्रव्य घेतले, ते नाकारले नाही. परंतु द्रव्याबरोबर गावाने स्वतःवर नियम घालून घेतले. श्रमदान करावयाचे, कुऱ्हाड चालवावयाची नाही, गुरे मोकाट चरावयास सोडावयाची नाहीत, शेतीसाठी कूपनलिका खणावयाची नाही, आणि वर्षाचा पाऊस मोजून मगच कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवावयाचे. अनुदान अनेक गावांना मिळाले. नियम थोड्यांनी पाळले. दोन गावांत जो भेद दिसतो तो रकमेचा नाही.

धर्मशास्त्रात या सर्वांचे सार एका लहानशा आचारात सांगितलेले आढळते. दुसऱ्याने खणलेल्या जलाशयात स्नान करावयाचे असेल, तर प्रथम त्यातून मातीचे पाच गोळे काढून बाहेर टाकावेत, मगच स्नान करावे, असे याज्ञवल्क्य सांगतो. वरवर पाहता हा शुद्धीचा विधी. पण त्यातील व्यवहार किती खोल आहे! ज्याने तळे खणले त्याचे उपकार फिटत नाहीत. परंतु उपभोग घेणाऱ्या प्रत्येकाने पाच गोळे गाळ काढला, तर तळे कधी गाळाने भरणार नाही. उपभोगाच्या आधी सेवा, असा हा क्रम आहे. तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचा आशय याहून वेगळा नाही. कर्म, यज्ञ, पर्जन्य आणि अन्न ही एका चाकात गुंफलेली आहेत, आणि जो त्यातून घेतो पण चाक फिरविण्यास हात लावीत नाही, त्याचे जगणे व्यर्थ ठरते.

म्हणून गृहस्थाने अनुदानाचा अर्ज करण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला: हे साहाय्य मिळाले नसते, तर आपल्या ऐपतीप्रमाणे थोडे तरी आपण केले असते काय? दुसरा: जे वाचेल ते खरोखर वाचू देण्याची, म्हणजे उपभोग न वाढविण्याची, आपली सिद्धता आहे काय? तिसरा: तपासणीस येणारा अधिकारी निघून गेल्यावरही पाचव्या, दहाव्या वर्षी आपण ते काम नीट राखू काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर संकोच न करता साहाय्य घ्यावे. एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर ते द्रव्य दुसऱ्या कोणा पात्राचे आहे असे समजून थांबावे.

आणि पुष्कळसे काम असे आहे की, त्याला अर्जाची गरजच नाही. एक साधा हिशेब करून पाहावा. १०० चौरस मीटरच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १०० लिटर पाणी जमते. चेन्नईच्या १४०० मिलिमीटर पावसात हे वर्षाला १,४०,००० लिटर होते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी १,१२,००० लिटर उरते. पाच माणसांच्या कुटुंबाला दरमाणशी रोज १३५ लिटर धरून वर्षाला सुमारे २,४६,००० लिटर पाणी लागते. म्हणजे स्वतंत्र घर असलेल्या कुटुंबाची जवळजवळ निम्मी गरज त्याच्याच डोक्यावर पडते आणि गटारातून वाहून जाते. ते जमिनीत उतरविण्यासाठी एक नळी, एक खड्डा, थोडी खडी-वाळू आणि वर्षातून एक सकाळ लागते. कारखान्यात हवेच्या नळीतून होणारा फूसफूस आवाज ऐकून ती गळती बंद करण्यास कोणत्याही योजनेची मंजुरी लागत नाही. टाकी भरून वाहू लागली असता उठून पंप बंद करणे, हेही याच कोटीतले कर्म होय.

राज्याने द्यावे, हे राज्याचे कर्तव्य; त्याने हात आखडू नये आणि अपात्री उधळूही नये. परंतु राज्याचे देणे हे शब्दानेच मागून येणारे आहे. पुढे चालावयाचे ते गृहस्थाने. पाच गोळे गाळ ज्याने आधी काढला, त्यालाच तळ्याच्या पाण्यात निःशंक मनाने उतरता येते.